पंचवीस तासांची शिफ्ट

चाकणच्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. म्हणजे इतरांनी काय, किती आणि कधी बनवायचं ते एक्सेलमध्ये लिहितो. त्यामुळे खेड तालुक्यातल्या मामांनी अंड्यांचा जोडधंदा काढला, तेव्हा त्यांना सल्लागार शोधावा लागला नाही. मी न बोलावताच गेलो.

५० तलंगा आल्या. त्याच दिवशी मी खुराड्यावर बोर्ड लावला : टार्गेट ५०, अ‍ॅक्चुअल ०. पुढे कित्येक आठवडे तो बदलावा लागला नाही. तलंग १८-२० आठवड्यांची होईतो अंडं देत नाही, हे मामीला ठाऊक होतं. पण मीटिंगला तिला बोलावलं कुणी होतं?

अंडी सुरू झाली, तरी टार्गेट गाठेना. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं घालते आणि फारच उशीर झाला की एक दिवस खाडा करते. माझ्या तीन शिफ्टचे तास मात्र २४. तुटीवर आमच्याकडे एकच औषध, ओव्हरटाइम. मी रात्रभर दिवा ठेवला. लेयरला १६ तास उजेड पुरतो. माझ्या उजेडात त्या चिडून एकमेकींची पिसं उपटू लागल्या.

"युनियन झाली बघ," मामा म्हणाले.

मामीची एक जुनी गावरान खुडूक बसली. मी 'ब्रेकडाउन' अशी नोंद केली. मामीने तिच्याखाली अंडी ठेवली आणि २१ दिवसांनी पिल्लं निघाली. बंद पडलेल्या मशिनने नवी मशिनं काढली, तर ती लिहायला माझ्या शीटमध्ये रकाना नव्हता.

विक्रीतही मी लक्ष घातलं. पोल्ट्री उद्योजक डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली, ती उत्पादकालाच भाव ठरवता यावा म्हणून. तिचा पुण्याचा दर मी रोज सकाळी मामांना कळवी. श्रावणात दर उतरला, तेव्हा मी 'मागणी नाही' असा अहवाल दिला. मामी टोपली घेऊन एमआयडीसीतल्या भुर्जीच्या गाड्यांवर गेली.

"अरे, यूपी-बिहारच्या पोरांचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो नि पंधरा दिवस आधी सुटतो. त्यांचा सुटलाय."

आता धंदा मामी बघते. मला गुरुवारच्या सुट्टीला खुराडं झाडायचं काम आहे, तेही कंत्राटी. पर्मनंट कधी करणार, असं विचारलं तर म्हणाली, "आधी कोंबड्यांना विचारते."