सुभद्रा करतो

(रंगमंचावर एकच खुंटी, तिच्यावर जरीचा शालू आणि धोतर शेजारी शेजारी. साठीकडे झुकलेला नट सावकाश येतो.)

मायबाप रसिकहो, ज्या वयात इतरांना मिसरूड फुटते त्या वयात माझ्या मिशीवर नाटक कंपनीच्या मालकांनी कायमची जप्ती आणली, आणि म्हणूनच, वधूपक्षाच्या वडीलधाऱ्यांनी 'मुलगा काय करतो?' अशी रीतसर पृच्छा केली तेव्हा, मध्यस्थाने अत्यंत निर्विकार मुद्रेने 'सुभद्रा करतो, आणि प्रसंगी रुक्मिणीसुद्धा,' असा जबाब दिला. (थांबून) तरीही लग्न झाले. मुलीला विचारण्याचा प्रघात तेव्हा नव्हता.

तो काळ नारायणराव राजहंसांचा, म्हणजे बालगंधर्वांचा. त्यांनी रंगभूमीवर लुगडे जसे नेसावे तसेच नेसण्याचा हुकूम जणू घरंदाज स्त्रियांना सुटे. आणि मी त्या विद्यापीठातला बिगरीचा विद्यार्थी असलो, तरी आळीतल्या सुवासिनी निऱ्या शिकायला आमच्याच दारी येत. आमचे कुटुंब आत भांडी आपटी. एकदा मात्र ती स्पष्टच म्हणाली, "इकडून रोज रात्री हजार माणसांसमोर मुरडणं होतं, मग मंडईतून भाजी आणायलाच तेवढी लाज का वाटावी?" या फिर्यादीवर माझ्यापाशी कैफियत नव्हती.

१९१३ साली फाळक्यांना मूकपटातल्या तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नामक पुरुषाला शालू नेसवावा लागला होता. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला तेव्हा तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. पुढल्याच वर्षी 'आंधळ्यांची शाळा'मध्ये रंगमंचावरही स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता माझी पुरुष खात्यात सक्तीची बदली झाली.

बोलपटात मला काम मिळाले भालदाराचे. छातीपर्यंत दाढी, हाती चांदीचा मुलामा दिलेला दंड, आणि संवाद कोणताही नाही. दिग्दर्शक तीनदा ओरडले, "अहो, चालण्यातली सुभद्रा काढा!" ती काही निघाली नाही. अखेरीस त्यांनी मला पन्नास भालदारांच्या मागल्या रांगेत उभे केले.

चित्रपट लागला. सहकुटुंब सहपरिवार गेलो. मुले अखेरपर्यंत विचारीत राहिली, "बाबा कुठं आहेत?" मलाही मी सापडलो नाही. कुटुंबाने मात्र अंधारात अचूक बोट दाखवले.

घरी आल्यावर मी विचारले, "एवढ्या दाढ्यांतून ओळखलंस कसं?"

ती चूल पेटवीत म्हणाली, "महाराज आले तेव्हा बाकीच्यांनी मुजरा केला. इकडून आधी पदर सावरला गेला."

(तो प्रेक्षकांना नमस्कार करण्यासाठी वाकतो, उजवा हात नकळत डाव्या खांद्याकडे जातो. पडदा.)