जुन्या कपाटाचा नवा भाव

बाळ यायच्या आधी आता बाळाची खोली येते. ती बाजारातून तयार आणली तर आईबापांचं प्रेम कमी पडतं, म्हणून जोगेश्वरीला जाऊन ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार पालथा घालायचा. जे कपाट भंगारवाला फुकटात उचलायलाही कां-कूं करायचा, तेच तिथे ‘व्हिंटेज’ झालेलं असतं, नव्यापेक्षा महाग. मग सुताराला सांगायचं, ‘पॉलिश नको, रंग जरा उडालेलाच ठेवा.’ बिचारा सुतार! रंग उडू नये म्हणून जन्मभर राबलेला माणूस.

त्या उडालेल्या रंगात काय आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त नको, हा आपला नियम २०१६चा. लागू झाला २०१७च्या नोव्हेंबरात. कपाट पणजोबांच्या वयाचं. दात येणारं बाळ तर हाती लागेल तो कठडा चघळतं. शिवाय पॉलिश पेपरने घासलं की तीच धूळ खोलीभर, आणि भिंतीवर हाताने रंगवलेली पाटी: ‘नैसर्गिक, रसायनमुक्त’.

खोलीचे फोटो सगळीकडे फिरून येतात. बाळ आईबापांच्या मध्ये आडवं झोपतं. कपाटात तूर्त डायपरचे गठ्ठे आणि पाहुण्यांच्या चादरी आहेत. आजी त्याकडे बघून एवढंच विचारते, “सूनबाई, वाळवी नाही ना गं यात?”