आडसाली पोरं

बारामती-इंदापूर पट्ट्यात उसाच्या लागणीचे तीन हंगाम: आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू. पोरांच्या लागणीचेही तीनच. आठवीत फाउंडेशनला घातला तो आडसाली. दहावीचा शेवटचा पेपर देऊन आला आणि चपला काढायच्या आत बॅचला बसवला तो पूर्वहंगामी. निकाल लागला, अकरावीचा प्रवेश झाला आणि मग ज्यानं पुस्तक उघडलं तो सुरू. त्याच्या बापाकडं गावात जरा कीव आल्यासारखंच बघतात. बारावीनंतर वर्ष घरी राहून पुन्हा नीटला बसतो तो अर्थातच खोडवा. उसाच्या खोडव्याला निदान बेण्याचा आणि लागणीचा खर्च वाचतो. इथं फी पुन्हा पहिल्यापासून.

सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना जानेवारी 2024 मध्ये निघाली. म्हणजे आडसाली लागणीवर बंदीच. सूचना निघाली हे खरं, पण ती बहुधा नीरा डाव्या कालव्यात सोडली असावी. मधल्या मधे कुणी उपसली ठाऊक नाही. टेलला काय पोचतं ते इंदापूरकरांना विचारा.

आमच्या शेजारच्या तात्यांचा नातू बारावीला आहे. कबड्डीत चढाईला गेला की दोन गडी घेऊनच येतो, वक्तृत्वाच्या ढाली ठेवायला घरात फळी कमी पडते, गणपतीत भारूड असं रंगवतो की बायका भाकरी टाकून बघायला येतात. सराव परीक्षेत मात्र 720 पैकी 212. कुणी चौकशी केली की तात्या शांतपणे सांगतात, "आमचं 265 आहे. टनेज काय ते बघून घ्या, उताऱ्याचं विचारू नका." ज्यांनी फुले 265 जातीचा ऊस लावून कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तोंड पाडून घेतलंय, त्यांना यापुढं समजावून सांगायची गरज नाही.

तर प्रश्न असा की या पोरानं सायन्स सांभाळायचं, क्लास सांभाळायचा, कबड्डी सांभाळायची आणि डॉक्टरही व्हायचं, हे जमवायचं कसं. बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. एमबीबीएसच्या जागा 100. पैकी 15 अखिल भारतीय कोट्यात गेल्या. उरलेल्या 85 वर अख्ख्या महाराष्ट्राचा डोळा आहे, पण मोरगावपासून भिगवणपर्यंत घराघरात समज एकच: एक जागा आपली, बाकीच्या 84 चं सरकारनं बघावं.

छंदाला आमचा विरोध नाही. फक्त भाव आधी ठरला पाहिजे. चित्रकलेचा ठरलेला आहे: इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला वाढीव 7 मार्क, बीला 5, सीला 3. मागं एका चित्रकलेच्या सरांपाशी एक आई उभी होती. हातात पोरीचं स्थिरचित्र: तांब्या, दोन वांगी आणि मागं पडदा. वांग्याच्या देठाची सावली पोरीनं जीव ओतून काढली होती.

"सर, याला सी मिळेल का?"

"अहो ताई, ए मिळेल. हात फार सुरेख आहे तिचा."

"नको सर. तिचे असेही 500 पैकी 497 बसतायत. सीचे तीन बास झाले. उरलेले चार ठेवायचे कुठं?"

सरांना उत्तर सुचलं नाही. मला तरी कुठं सुचलं! 2025 च्या दहावीत राज्यातल्या 211 मुलांना शंभर टक्के पडले, त्यातले 113 एकट्या लातूर विभागाचे. त्या आईचा हिशेब चुकलेला नाही, हे बोर्डानंच सिद्ध केलंय. दहावी झाली की रंगपेटी धाकट्या बहिणीकडं जाते. मोठीला पुढं चित्र काढावंसं वाटलं, तर बायोलॉजीत बेडकाची आकृती आहेच.

खेळाचं गणित मात्र भल्याभल्यांना सुटलेलं नाही. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळलात तर दहावी-बारावीला क्रीडासवलतीचे वाढीव गुण मिळतात. क्रीडाशिक्षक फॉर्म भरतात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडून प्रस्ताव पुढं जातो, दाखल्यांच्या साक्षांकित प्रती, सगळं यथासांग. शेवटी गुण जमा होतात ते बारावीच्या मार्कलिस्टात. आणि बारावीचे मार्क विचारतो कोण? नीटला खुल्या गटात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून 50 टक्के असले की पात्र. सीईटीनं इंजिनिअरिंगला जायचं तर 45. एनआयटीसाठी 75. एवढी रेघ ओलांडली की पुढचा सगळा निवाडा प्रवेश परीक्षेवर, आणि तिथं कबड्डीचा अर्धा मार्कही धरत नाहीत. म्हणजे सरकार खेळाडूला बक्षीस देतं, फक्त जिथं ते उपयोगी पडणार नाही अशा जागी देतं. तात्यांचा नातू हे समजल्यावर म्हणाला, "बरं झालं. आता निदान खेळायला म्हणून खेळतो." घरात दोन दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये लिहिलंय की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको. या धोरणाची अंमलबजावणी आमच्याकडं केव्हाच पूर्ण झाली. अभ्यासेतर काही उरलंच नाही, तर भिंत बांधायची कशाला? पीटीचा तास फिजिक्सचे सर मागून घेतात. फिजिक्सचा तास क्लासवाल्यानं आधीच घेतलेला असतो. मग कॉलेजात उरते हजेरी. तिच्यासाठी 2018 साली शासनानं विज्ञान शाखेला बायोमेट्रिक लावायचा आदेश काढला. आमचे आजोबा अंगठेबहाद्दर होते, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर अंगठा उठवून घरी यायचे. नातू सायन्सला असून तोही अंगठा उठवूनच बाहेर पडतो. तीन पिढ्यांत शिक्षणानं कुठं आणून ठेवलं बघा! प्रॅक्टिकलचे 30 मार्क असतात. जर्नल जानेवारीत एका बैठकीत पूर्ण होतं, आणि ज्या लोलकाला कधी हात लागला नाही त्याची दहा निरीक्षणं दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत अचूक येतात. यालाही एक अंगभूत कला लागते. तिला मात्र वाढीव गुण नाहीत.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. काटेवाडीला मेंढ्या पालखीभोवती धावतात, बेलवाडीला आणि इंदापूरला अश्वांचं रिंगण होतं. पूर्वी त्या दिवसांत पोरं शाळा बुडवून दिंडीमागं जायची आणि मास्तर त्याच दिंडीत पुढं सापडायचे. आता रस्ते बंद म्हणून लेक्चर ऑनलाइन असतं. पोरगं माळवदावर बसून एका कानानं ऑरगॅनिक केमिस्ट्री ऐकतं, दुसऱ्या कानात टाळ. खाली क्लासवाल्यानं वारकऱ्यांसाठी पाणीवाटपाचा मांडव टाकलेला असतो. मांडवावर तुकोबा लहान, टॉपर मोठे.

2025 साली अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, अर्जात दहा पसंतीक्रम. आमच्या पोरांनी दहाही रकाने भरले, निकष एकच: हजेरीला त्रास कुठं कमी. योगायोग म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी जो सामाईक अर्ज भरतात त्यातही दहा रकाने असतात, पण ते अभ्यासाबाहेर काय काय केलं ते सांगायला. हे मला कळलं ते तात्यांच्या न्यू जर्सीतल्या पुतणीमुळं. तिची लेक शाळेतच कॉलेजच्या तोडीचे पाच विषय घेतेय, व्हायोलिन वाजवते, वादविवाद करते, पोहते. नऊ रकाने भरले. दहावा मोकळा राहिला म्हणून आईला झोप नाही. तिथल्या सल्लागार बाईंनी सांगितलं, काहीतरी समाजसेवा हवी, आणि ती मुळाशी जोडलेली हवी.

मूळ इंदापूर तालुक्यात, उजनीच्या काठाला. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत मायलेकी आल्या. लेकीनं चार दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरांनी तिला गोट्या शिकवल्या. पाचव्या दिवशी कुंभारगावला होडीतून रोहित पक्षी बघून झाले, फोटो निघाले. पोरगी गुणी होती. शाळेतून निघताना तिला खरंच रडू आलं. आई मात्र खंबीर. "काका, ग्रामपंचायतीचं एक लेटरहेड मिळेल का? ग्रामीण भागात नेतृत्व केलं, एवढंच लिहून हवंय."

तात्यांनी नातवाला बरोबर दिलं. ग्रामसेवकानं मजकूर दोनदा वाचला.

"नेतृत्वाचा दाखला आपल्याकडं नाही. रहिवासी देता येईल, हयातीचा देता येईल. शौचालय आहे का घरी? त्याचाही देता येईल."

मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. आईनं विचारलं, "त्यातला इंग्रजीत कुठला चांगला दिसेल?"