उंचावर जाऊन खाली बघणं

अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या कुवोही शिखरावर, म्हणजे 2,025 मीटर उंचीवर, लोक येतात ते लांबवरचं बघायला. बहुतेकदा त्यांना दिसतो ढग. मग ते हळहळत खाली उतरतात. आमच्यासारख्यांचं काम तिथून सुरू होतं. ढग म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे सॅलॅमँडर.

त्याला राहायला साधा पाझर पुरतो. कड्याच्या फटीतून पाणी धड वाहतही नाही, नुसतं झिरपतं. शेवाळ सदा भिजलेलं. ओढ्यातल्या माशांची तिथे डाळ शिजत नाही. इथल्या बहुतेक सॅलॅमँडरांना फुप्फुसंच नाहीत. श्वास घ्यायचा तो कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की कारभार आटोपला. त्यामुळे लख्ख, फोटोजोग्या दुपारी कड्यासमोर उकिडवं बसलेल्या माणसाला हमखास भेटतो तो फक्त "काही हरवलंय का?" असं विचारणारा प्रवासी.

आई सांगलीहून आली तेव्हा तिलाही नेलं. भुरभुर पाऊस, तिन्हीसांजा, आणि टॉर्चच्या उजेडात बोटभर प्राणी. "एवढ्यासाठी इतक्या लांब आणलंस? पाल तर आपल्या ट्यूबलाइटमागे आहे." सॅलॅमँडर पालीपेक्षा बेडकाला जवळचा, हे मी समजावलं. फार फरक पडला नाही.

तिला आवडली ती त्याची लबाडी. लाल गालांचा एक सॅलॅमँडर फक्त याच डोंगरांत सापडतो आणि पक्ष्यांना त्याची चव नकोशी वाटते. पाझरावरच्या 'इमिटेटर' जातीतले काही जण तसेच गाल रंगवून बसतात. अंगात काही नसताना धाक फुकटचा! डोळ्यापासून जबड्याच्या कोपऱ्याकडे गेलेली फिकट रेघ आणि पुढच्यापेक्षा दणकट मागचे पाय दिसले, की सोंग ओळखावं. शिवाय याचा खालचा जबडा जवळजवळ हलत नाही. तोंड उघडायचं तर डोकंच वर करावं लागतं.

"म्हणजे अगदी आमचे हेडक्लार्क," आई म्हणाली आणि टॉर्च तिनेच हातात घेतला.

तुम्ही कधी गेलात तर एक विनंती. दगड उलटू नका. उद्यानाचा नियम तर आहेच, पण त्याखालची ओल हेच त्यांचं घर असतं. हातही लावू नका, डासांसाठी चोळलेलं मलम त्या कातडीतून आत जातं. पावसाळी रात्री निघा. ते आपण होऊन बाहेर येतात.