आपल्या बक्षिसाबद्दल आभार

आदरणीय संचालक महोदय,


आपल्या कंपनीचा फोन बंद आहे आणि कार्यालयाला कुलूप आहे, म्हणून हे खुलं पत्र लिहिते आहे. आपण इंग्लंडात जिथे कुठे असाल तिथे सुखरूप असाल आणि आपलं घर उबदार असेल, अशी आशा करते. मी रेडिंगला राहते. आपल्या हजारो माजी ग्राहकांपैकी एक. आपले आभार मानायचे राहून गेले होते.

पहिले आभार आपल्या आमंत्रणाचे. किती मायेनं बोलावलंत! वीज-गॅसचा जुना पुरवठादार सोडा, वर्षाला भरघोस बचत करा, वर 50 पौंडांचं व्हाउचर घ्या. मैत्रिणीला आणलंत तर तिलाही 50, तुम्हालाही 50. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीच्या बरोबरीनं आपल्या लिंक फिरत होत्या. लग्नाच्या आमंत्रणातही एवढा आग्रह नसतो.

आपल्याकडे येण्यात गैर काहीच नव्हतं, हे मी आजही ठामपणे सांगेन. घरासाठी वीज आणि गॅस कुणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क ब्रिटनमधल्या कुटुंबांना 1990 च्या दशकाच्या अखेरीस मिळाला. पण बहुतेक लोक होते तिथेच राहिले, आणि त्यांच्या त्या स्थिरपणाची वसुली झाली. इथल्या स्पर्धा आयोगानं 2016 मध्ये अहवाल दिला. सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे 70 टक्के घरगुती ग्राहक न निवडताच माथी आलेल्या महागड्या दरावर होते. बाजारात खरी स्पर्धा असती त्यापेक्षा लोक वर्षाला सरासरी 1.4 अब्ज पौंड जास्त मोजत होते. जो ग्राहक विश्वासानं थांबला त्यालाच जास्त पैसे पडले. अशा बाजारात पुरवठादार बदलणं हा शहाणपणा होता, आणि त्या शहाणपणाच्या जोरावरच आपला धंदा उभा राहिला.

दुसरे आभार, आपण माझ्या घरातलं काहीही न हलवल्याबद्दल. तार तीच राहिली, गॅसचा पाइप तोच राहिला, रस्त्याखालची केबल सांभाळणारी कंपनीही तीच. फ्यूज उडाला तरी आपल्याला फोन करायचा नव्हता. बदललं ते बिलावरचं नाव आणि युनिटचा दर. म्हणजे आपण आम्हाला विकत होता तो एक शब्द: अमुक दरानं वर्षभर पुरवू. बाकी सगळं दुसऱ्यांचं होतं. आपलं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

स्मार्ट मीटरची मात्र गंमत झाली. आधीच्या कंपनीनं कौतुकानं बसवलेला, पहिल्या पिढीतला तो मीटर पुरवठादार बदलताच मुका झाला. आकडे पाठवेना. तसं लाखो घरांत झालं, त्यात आपला एकट्याचा दोष नाही. मग जिन्याखाली वाकून, टॉर्च लावून आकडे वाचायची सवय लागली. ती अजून टिकून आहे, आणि उपयोगी पडते आहे.

आता बक्षिसाकडे येते. व्हाउचर मिळेल, पण वीज आणि गॅस दोन्ही आमच्याकडून घेतलेत तर. मिळेल, पण बँकेतून डायरेक्ट डेबिटनं पैसे भरलेत तर. मिळेल, पण सलग हप्ते चुकले नाहीत, आम्ही पाठवलेला ईमेल ठरलेल्या मुदतीत उघडलात आणि त्यातल्या लिंकवर जाऊन मागणी नोंदवलीत तर. हा ईमेल बहुतेकांच्या जाहिरातींच्या खणात जाऊन पडायचा. महोदय, पैसे घेताना आपल्याला आमच्याकडून एक सही पुरली होती. देताना आपल्याला आमच्या निष्ठेचे एवढे पुरावे हवे झाले!

पण ज्या उपकाराबद्दल मी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे तो वेगळाच आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. इथे घरं गरम करायला गॅस लागतो. डिसेंबर-जानेवारीत बिल फुगतं, जून-जुलैत ते नाममात्र असतं. म्हणून कंपन्या वर्षाचा अंदाज काढून बारा सारखे हप्ते बांधतात. ग्राहक उन्हाळ्यात वापरापेक्षा जास्त भरतो, ते पैसे कंपनीकडे जमा राहतात आणि थंडीत वळते होतात. व्यवस्था चांगली आहे. पगारावर चालणाऱ्या घराला तिचा आधार वाटतो.

पण सप्टेंबर उजाडताना लाखो घरांचे जमा पैसे कंपनीच्या हातात असतात. ते वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती तेव्हा नव्हती. बाजारातल्या आपल्यासारख्या कंपन्यांनी ते चालू खर्चाला वापरले, आणखी स्वस्त दर जाहीर करायला वापरले, आणखी ग्राहक ओढायला वापरले. नवा ग्राहक आला की त्याचाही उन्हाळ्याचा हप्ता जमा. भिशी चालवणाऱ्यानं सगळ्यांचे हप्ते आपल्या दुकानात घालावेत, तसं हे होतं. माझ्या 50 पौंडांच्या व्हाउचरची बाकी कुणाच्या हप्त्यातून भागणार होती, हे आपण कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी ते नाकारलं असतं.

मग 2021 साल आलं. घाऊक बाजारात गॅस महागत गेला. ज्यांनी वर्षभराची वीज आणि गॅस आधीच ठरलेल्या भावानं घेऊन ठेवला होता ते तगले. आमच्याशी स्थिर दराचा करार करून, स्वतः मात्र रोजच्या भावानं खरेदी करणाऱ्यांना ते कसं परवडणार? 2019 पासून सरकारी नियामक ऑफजेमची दरमर्यादाही होती, तेव्हा चढा भाव ग्राहकावर लगेच लादताही येईना. त्या शरदापासून पुढच्या वसंतापर्यंत जवळपास 30 पुरवठादार बंद पडले. आपलं नाव त्या यादीत आलं तेव्हा बातमी मला आपल्याकडून नाही, रेडिओवरून कळली. आपण एक ओळही पाठवली नाहीत. मैत्रिणीला आणा असं सांगणारे ईमेल मात्र अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होते.

दिवे लागलेले राहिले, याबद्दल इथल्या व्यवस्थेचे खरे आभार. ऑफजेमनं आम्हाला दुसऱ्या पुरवठादाराकडे सोपवलं. जमा रक्कम सुरक्षित राहील असं आश्वासन मिळालं आणि ते पाळलंही गेलं. अंतिम बिलाला मात्र वेळ लागला. एरवी पुरवठादार सोडल्यावर सहा आठवड्यांत अंतिम बिल न दिल्यास तेव्हा 30 पौंड भरपाई मिळायची. बुडालेल्या कंपनीकडून ती कोण मागणार? व्हाउचरबद्दल नव्या पुरवठादारानं सौजन्यानं कळवलं की जमा रक्कम आमच्याकडे येईल, कबूल केलेल्या बक्षिसांबद्दल आम्हाला काही माहीत नाही.

ती जमा रक्कम आली कुठून, हे मात्र त्या पत्रात नव्हतं. मी शोधून काढलं. आपल्यासारख्या कंपन्या बुडाल्याचा खर्च नॅशनल ऑडिट ऑफिसनं 2022 मध्ये सुमारे 2.7 अब्ज पौंड सांगितला, म्हणजे घरटी साधारण 94 पौंड. त्यात आमच्या बुडालेल्या ठेवी होत्या, आणि आमच्यासाठी चढ्या भावानं गॅस घेण्याचा खर्चही होता. हा सगळा पैसा देशातल्या प्रत्येक बिलात मिसळला. बराचसा गेला तो रोजच्या स्थिर आकारात. दिवा लावला नाही, हीटर लावला नाही, तरी द्यावी लागते ती ही रक्कम. एप्रिल 2022 मध्ये विजेचा स्थिर आकार एकदम चढला, त्यामागचं एक कारण हे होतं.

इथे माझी सभ्यता संपते, महोदय.

माझ्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. नवरा गेला, मुलं दूर. त्यांच्याकडे इंटरनेट नाही. त्यांनी आयुष्यात कधी पुरवठादार बदलला नाही, आपलं नाव ऐकलं नाही, व्हाउचर मागितलं नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या एकाच खोलीत हीटर लावून बसत. आपल्या स्वस्त दराचा एक पेनी त्यांना मिळाला नाही, आणि आपल्या पडझडीचा हिस्सा मात्र त्यांच्या बिलात रोज चढत होता. गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाकडे प्रीपेड मीटर आहे. आधी पैसे भरा, मग दिवा लावा. आपल्या बक्षिसाला डायरेक्ट डेबिट लागत होतं, म्हणून ते त्यांच्यासाठी नव्हतंच. प्रीपेड ग्राहकावर एका इंधनाची 500 पौंडांवर थकबाकी असली तर पुरवठादार बदलण्याची वाटही बंद होते. ज्यांना निवड करता आली नाही त्यांनी आमच्या निवडीचं बिल भरलं. मला हे सहन होत नाही. आपल्याला कसं झालं?

हे मराठीत का लिहिते आहे, असं आपण विचाराल. माझी आत्या गोरेगावला राहते. मुंबईच्या उपनगरांत 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि 2009 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचा आदेश. तेव्हापासून तिथल्या घरांनाही दोन खासगी कंपन्यांतून एक निवडता येते. तिथेही तारा जुन्याच कंपनीच्या. म्हणून बदलणाऱ्याच्या बिलात त्या तारांचं भाडं असतं, स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार वाटून घेणारा क्रॉस सबसिडीचा अधिभार असतो. नुसता युनिटचा दर पाहून हिशेब जुळत नाही. आणि ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकात एकाच भागात, त्याच तारांवरून अनेक वितरकांना मुभा देण्याचा विचार होता. उद्या सोलापुरात नाहीतर सावंतवाडीत कुणी दारावर येऊन म्हणेल, जुनी कंपनी सोडा, बक्षीस घ्या. तेव्हा आपला पराक्रम तिथल्या लोकांना माहीत असावा.

आपण मला खूप शिकवलंत. युनिटच्या दराबरोबर स्थिर आकारही बघायचा आणि दोन्ही मिळून वर्षाचा हिशेब मांडायचा. बदलाच्या दिवशी मीटरचा फोटो काढून ठेवायचा. करार मोडल्यास दंड किती ते आधी वाचायचं. चौदा दिवसांत विचार बदलता येतो हे लक्षात ठेवायचं. खात्यात वापरापेक्षा फार जास्त पैसे साचले तर ते परत मागायचे, कारण ते आपले असतात. हे सगळं मी आता मंडळातल्या नव्यानं आलेल्या मुलामुलींना सांगते. शेजारच्या बाईंची कागदपत्रंही मीच बघते. त्यांना अजून पुरवठादार बदलायचा नाही, आणि त्यांच्यावर तशी वेळ का यावी?

एक विनंती मात्र आहे. ऐकते की या धंद्यातली मंडळी पुन्हा नव्या नावानं उभी राहतात. आपण राहिलात तर ग्राहकांचे जमा पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि तो हिशेब दर तीन महिन्यांनी छापा. वर्षभराचा दर सांगण्याआधी वर्षभराचा गॅस घेऊन ठेवा. दोन्ही जमलं तर या, मी बिल वाचेन आणि ठरवेन. व्हाउचर पाठवू नका.

कळावे,
आपली माजी ग्राहक