सावलीच्या टोकावरचा हंडा

दर तालुक्याला एक तहसीलदार, एक गटविकास अधिकारी आणि एक गुप्तधनशास्त्री असतो. पहिल्या दोघांची बदली होते. तिसरा मात्र जन्मभर त्याच टेकड्यांवर, त्याच दहा दगडांभोवती फिरत असतो आणि दर वर्षी त्याचे गणित 'जवळजवळ सुटलेले' असते. त्याला भगत किंवा मांत्रिक समजू नये, ते त्याला फार लागते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घालून जमिनीखालचे बघणारे, मांडुळाचे वजन करणारे, अमावास्येला लिंबू आणि काळी कोंबडी घेऊन निघणारे, हे सगळे त्याच्या मते अडाणी. तो स्वतः विज्ञानाच्या बाजूचा. बहुधा निवृत्त ओव्हरसियर, भूमापन खात्यातला माणूस, नाहीतर गणिताचा मास्तर. त्याच्या पिशवीत होकायंत्र असते, मोजायची टेप असते, पुसट अक्षरांवर भुरभुरायला रांगोळीची पुडी असते, आणि मोबाइलवर असे एक ॲप असते की ज्यात तारीख मागे सरकवून यादवांच्या काळचे आकाश बघता येते. टपरीवर चहा घेताना तो 'सोने' हा शब्द काढत नाही. 'माल' म्हणतो, आणि तोही आवाज खाली आणून. 'अलाइनमेंट' मात्र रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू जाईल असे म्हणतो.

त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे गावाबाहेरचे कोरीव दगड. शिलाहारांच्या आणि यादवांच्या काळातल्या गधेगाळी, लढाईत पडलेल्यांचे वीरगळ असे दगड महाराष्ट्रात गावोगाव आहेत, गोव्यातही आहेत. इतरांना जिथे शेंदूर फासलेला धोंडा दिसतो तिथे त्याला नकाशा दिसतो. गधेगाळीच्या माथ्यावर सूर्य, चंद्र आणि बऱ्याचदा एक मंगल कलश असतो, मधल्या भागात लेख, आणि तळाला गाढव व स्त्री यांचे ते शिल्प, ज्याच्यामुळे दगडाला हे नाव पडले. या तीन मजल्यांचे त्याचे वाचन असे: सूर्य म्हणजे उगवतीची दिशा, चंद्रकोर म्हणजे शुद्ध पक्षातली तिथी, आणि कलश म्हणजे... इथे तो थांबतो, आजूबाजूला बघून घेतो, आणि म्हणतो, 'हंडा'. दिशा, तिथी आणि हंड्याचे चित्र एकाच दगडावर असताना आठशे वर्षे लोक हात बांधून कसे बसले, याचे त्याला मनापासून नवल वाटते. गाढव म्हणजे मालाची वाहतूक. पाथरवटाने ती प्रामाणिकपणे नोंदवली. स्त्रीचा उलगडा तो करत नाही, कारण सोबत सहसा कोणाची तरी मुले आलेली असतात. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ बघितले की त्याचे काम आणखी सोपे होते, कारण त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची रांगच कोरलेली आहे. म्हणजे माल समुद्रमार्गे आला! ती जहाजे लढाईतली आहेत, शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या आरमारी युद्धाशी अभ्यासक ती जोडतात, असे कोणी सांगितले तर तो समजूतदारपणे हसतो आणि विचारतो, 'पण लढाई झाली कशासाठी?'

त्याचा पाया पक्का वाटतो, कारण सूर्यचंद्र खरोखरच तिथे आहेत. ते तिथे कशाला आले, एवढाच प्रश्न. उत्तर त्या काळच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत उघड लिहिलेले आहे: दान 'आचंद्रार्क' चालावे, चंद्रसूर्य आकाशात आहेत तोवर कोणी ते मोडू नये. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही हे कळावे म्हणून तेच चित्राने सांगितले. आणि जो मोडील त्याच्यासाठी तळाला गाढव. परळला सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या बाराव्या शतकातल्या लेखात तर ही शिवी चित्रावर न सोपवता सरळ शब्दांत दिली आहे आणि ती इथे छापण्यासारखी नाही. तेव्हा गधेगाळ ही काय वस्तू आहे? ती सरकारी पाटी आहे. ही जमीन अमक्या देवाला दिली, हिच्या उत्पन्नाला हात लावू नये, लावल्यास आईवरून शिवी बसेल. 'येथे थुंकू नये' या पाटीची ती पणजी. अशी पाटी चारचौघांच्या नजरेस पडेल अशाच जागी उभी करतात. सगळ्या वादाचे मूळ इथे आहे: दगड उभा करणे आणि वस्तू लपवणे ही दोन उलट्या हेतूंची कामे आहेत. धन पुरणारा माणूस माती सारखी करतो, वर पालापाचोळा पसरतो आणि घरी जाऊन बायकोलाही सांगावे की नाही याचा विचार करतो. त्या जागेवर पाथरवट बोलावून, चार फुटांचा दगड घडवून, वर राजाचे नाव घालून तो गावजेवण घालत नाही.

'हीच तर खुबी,' असे यावर गुप्तधनशास्त्री म्हणतो. उघड्यावर ठेवले की संशय येत नाही. हा युक्तिवाद ऐकायला चलाख आहे, पण त्याला अंत नाही. त्याने मैलाचा दगडसुद्धा संशयित ठरतो. शिवाय त्या काळच्या लोकांना दगडावर आकाश नोंदवायचे असे तेव्हा ते कसे नोंदवत, हे आपल्याला माहीत आहे. शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, आणि दान ग्रहणाच्या किंवा संक्रांतीच्या पर्वकाळी दिले असेल तर तेही. या नोंदींचा उपयोग इतका नेमका होतो की शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्ये 'द इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथ सिद्ध केला आणि लेखांतल्या तिथ्यांवरून इंग्रजी तारीख काढण्याची, लेख खरा की मागून बनवलेला हे ताडून बघण्याची कोष्टके अभ्यासकांच्या हाती आली. कोरीव लेखातले आकाश तारीख सांगते. दिशा सांगायची असली की लेख आकाशाकडे जातच नाही. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचे शेत, अशा चतुःसीमा सांगतो. सातबाऱ्यावर वाद घालण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले त्याला हे कळू नये, हे मात्र विचित्र आहे.

आता त्याचा खरा बळकट आक्षेप. जुन्या लोकांनी दगड आणि सूर्य यांची सांगड घातलेली आहेच की! आहे, आणि ती नाकारणारा माणूस कोल्हापुरात तोंड दाखवू शकणार नाही. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्याकडे जातात. तारखांचे हे दोन गट मनाला येतील तसे पडलेले नाहीत. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या साधारण एक्केचाळीस दिवस आधी आणि १ फेब्रुवारी बेचाळीस दिवस नंतर. जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, येताना त्याच जागी पुन्हा मावळतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराला स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतावर कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र येतो. इंग्लंडातल्या स्टोनहेंजची दिशाही उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या उगवतीशी जुळते. पण या तिन्ही ठिकाणी काय होते ते बघा: गर्दी होते. किरणोत्सव हा उत्सव आहे, लोकांनी जमावे, बघावे, हात जोडावेत म्हणून. आकाशाशी जुळवलेली वास्तू म्हणजे हजारोंना दिलेले आमंत्रण, आणि आमंत्रणपत्रिकेच्या पाठीमागे कोणी तिजोरीचा आकडा लिहीत नाही. स्टोनहेंजच्या बाबतीत हा प्रयोगही होऊन गेला आहे. १६२० मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकने त्या वर्तुळाच्या मध्यावर खड्डा खणवला. खजिना निघाला नाही. पुढच्या अभ्यासकांसाठी खड्डा तेवढा राहिला.

'पण माझ्या रेषा जुळतात त्याचे काय?' जुळणारच. न जुळत्या तरच आश्चर्य होते. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेपासून तितकाच दक्षिणेपर्यंत सरकतो. त्याची दोन टोके आणि मधला विषुवदिन, उगवती आणि मावळती धरून सहा दिशा झाल्या. चंद्राची टोके साडेअठरा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होतात, त्याच्या आठ. उत्तर-दक्षिण दोन. अगस्त्य, व्याध, अभिजित अशी नावे माहीत असल्यामुळे दहा ठळक तारे तो सहज हाताशी ठेवतो, त्यांच्या वीस. एकूण छत्तीस. दगड झिजलेला, कडा फुटलेली, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन अंशांची सूट तो स्वतःला देतो. छत्तीस गुणिले चार म्हणजे ३६० पैकी १४४ अंश. काही पट्टे एकमेकांवर पडतात, तेव्हा थोडे कमी धरू. तरी डोळे मिटून काठी फेकली तर पाचांतून जवळजवळ दोनदा ती कोणत्या ना कोणत्या ज्योतीकडे बोट दाखवणार. टेकडीवर दहा दगड असले तर दोन-दोन जोडून पंचेचाळीस रेषा होतात. त्यांतल्या पंधरा-सोळा रेषा नुसत्या योगायोगाने 'जुळतात'. वहीत त्या सोळाच येतात, उरलेल्या एकोणतीस 'दगड मागून हलवला असावा' या शेऱ्याखाली जातात. शिवाय पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवतीच्या जागा शतकागणिक बदलतात. हा खरे तर त्याच्यावरचा अंकुश. त्याने त्याची शिडी केली. तारा बाराव्या शतकात जुळला नाही तर तो नवव्या शतकात जातो. दगडाच्या वयावरून तारा तपासायचा सोडून ताऱ्यावरून दगडाचे वय ठरते. ही खोड केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडात १९२१ पासून अल्फ्रेड वॉटकिन्स नावाचे गृहस्थ जुने दगड, चर्च आणि टेकड्या पट्टीने जोडत बसले होते, आणि त्यांच्या रेषांवर आजही लोक चालतात. आमच्या शास्त्र्याची मौलिक भर म्हणजे सावली. 'सावलीच्या टोकाला धन' हे परंपरेने चालत आलेले सूत्र. सावली सकाळी लांब, दुपारी आखूड, रोज निराळी, तेव्हा कोणत्या दिवसाची घ्यायची? मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या दगडाची सावली नाहीशी होते. अशा दिवशी कोणीही शहाणा माणूस घरी ताक पीत बसला असता. हा मात्र त्या क्षणी उजळून निघतो: सावली नाही, म्हणजे टोक पायाशी, म्हणजे माल दगडाच्याच खाली!

इथून पुढे हसू आवरते घ्यावे लागते, कारण वही मिटते आणि पहार निघते. धन सापडतच नाही असे नाही, हा त्याचा शेवटचा आक्षेप खरा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. पण तो साठा मिळाला तो काही सूर्यचंद्राचा दगड वाचून नव्हे. आणि त्याची किंमत चांदीत नव्हती. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता, म्हणजे कोणी कोणाला हरवले याचा निकालच त्या नाण्यांवर छापलेला होता. नागपूरजवळच्या जुनापाणी, माहुरझरी परिसरातल्या शिलावर्तुळांखाली उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी, मडकी, मणी, घोड्यांचे लगाम आणि तांब्याचे साज निघाले. त्या वर्तुळांना आकाशाची काही दिशा आहे का, हे खगोलाच्या अभ्यासकांनी तपासले, पण मोजून तपासले, उपटून नव्हे. दगड जागेवरून हलला की तो दिशेचा पुरावा राहत नाही, एवढी साधी गोष्ट अलाइनमेंटवाल्याला कोणी समजावायची! सोन्यासाठी सरकारी खोदकामही होऊन गेले: उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्यात एका साधूला हजार टन सोन्याचे स्वप्न पडले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे खणले. खापरे, बांगड्यांचे तुकडे मिळाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि गुप्तधनाच्या नावाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांचा त्याच्या अनुसूचीत समावेश करावा लागला, यावरून त्या कोंबडीच्या पुढे लोक कुठवर जातात ते कळावे. आपला शास्त्री त्यातला नव्हे. पण दगडाखाली काहीतरी आहे ही बातमी 'शास्त्रीय' करून टपरीवर सोडणारा तोच, आणि रात्री कोण पहार घेऊन येतो ते त्याच्या वहीत नसते.

कायदा त्याला पाठ आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन मिळाले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते; दहा रुपये म्हणजे आता त्याचा एक चहा. कौटिल्याने शोधणाऱ्याला सहावा हिस्सा सांगितला आहे, हेही तो ऐकवतो, आणि त्या सहाव्या हिश्श्यातून देवळाचा सभामंडप, शाळेची भिंत आणि धाकट्याचे लग्न असे तीन खर्च मांडून ठेवलेले असतात. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी: त्या वहीतली दगडांची मापे बिनचूक असतात. ज्या वीरगळावर गाव कपडे धुते त्याची उंची, रुंदी, तोंड कोणत्या दिशेला, कोणता कोपरा कोणत्या वर्षी फुटला, हे साऱ्या पंचक्रोशीत फक्त त्यालाच माहीत असते. खड्डा रिकामा निघतो तेव्हा जुन्या मंडळींना सोय होती. हंडा सरकला, सोन्याचे कोळसे झाले, असे म्हणून ती घरी जात. तो तसले काही बोलत नाही. वही उघडतो, बोटांवर काहीतरी मोजतो आणि गणितात अधिक मास धरायचा राहिला होता हे जाहीर करतो. सूर्याला अधिक मास लागत नाही, असे कोणी म्हणालेच तर तो त्याच्याकडे दयेने बघतो. सूर्याला नसेल लागत. हंडा पुरणारा पंचांग बघूनच पुरणार ना?