ओळख पटवणारे काका

काकांची बँकेतली सगळी नोकरी सह्या जुळवण्यात गेली. चेकवरची सही बघायची, कार्डावरची नमुना सही बघायची आणि ठप्पा मारायचा. निवृत्तीनंतर गिरगावातली खोली विकून ते गोखिवऱ्याला राहायला आले तेव्हा चेक मागे राहिले, ठप्पा मात्र सोबत आला. आता तो ते झाडांवर, पाखरांवर आणि तलावात जे काही तरंगत असेल त्यावर मारतात.

वसई पूर्वेच्या कुठल्याही सोसायटीत हा माणूस सापडतो. मुंबईत ज्याने कुंडीतल्या तुळशीपलीकडे झाड पाहिलं नाही, तो इकडे येतो, खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर दिसायला लागतो आणि गृहस्थ निसर्गतज्ज्ञ होऊन बसतो. पहिल्या पावसाळ्यात त्याला टाकळा कळतो. दुसऱ्या पावसाळ्यात तो रानभाज्या विकणाऱ्या बाईलाच कंटोळी निवडायला शिकवतो. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत.

तलावाच्या कठड्यापाशी उभं राहून काकांनी एका सकाळी छत्रीच्या टोकाने पाण्यातला हिरवा पुंजका दाखवला आणि जाहीर केलं, “शिंगाडा!”

मागून येणारे दोघे मधुमेही थांबले.

“देठ बघा. कसे फुगलेत! आत हवा असते. त्यावरच तर झाड तरंगतं. शिंगाड्याची हीच खूण.”

काकांचं बोलणं कधीच संपूर्ण चुकीचं नसतं, आणि खरा त्रास तोच आहे. शिंगाड्याचे देठ फुगलेले, आतून स्पंजासारखे असतात, हे अगदी खरं. पण जलपर्णीचेही असतात. एक खूण जुळली की काकांचा हात ठप्प्याकडे जातो. उरलेलं झाड बघायची त्यांना गरज वाटत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या ताई भंडाऱ्याच्या. मामा तलावांच्या जिल्ह्यातल्या. तिकडे जुन्या मालगुजारी तलावांना सगळे मामा तलावच म्हणतात, आणि अशा तलावांत ढिवर लोकांचे शिंगाडे बघत त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. काकांना मामा भेटला तो असा.

“नाही जी काका, ही जलपर्णी आहे. हिची पानं गोल, चकचकीत, पाण्याच्या वर उभी. शिंगाड्याचं पान पाण्यावर पसरून असते. चौकटच्या पत्त्यासारखं, वरच्या बाजूनं कातरलेलं. आणि हिला जांभळी फुलं येतात. शिंगाड्याचं फूल पांढरं, चार पाकळ्यांचं.”

“चार पाकळ्या असतात खऱ्या,” काका म्हणाले. जणू त्यांनी त्या आधीच मोजून ठेवल्या होत्या.

“आणि शिंगाडा वरून दिसतच नाही. फूल झालं की देठ वाकते आणि फळ पाण्याखाली जाऊन पोसते. पानांचा झुबका उचलून उलटा केला, तर खाली लटकलेले दिसतात.”

काकांनी मान डोलावली. ती डोलावणी मोठी फसवी. मान्य केलं असं समोरच्याला वाटतं, प्रत्यक्षात आत नोंद होत असते. दुसऱ्या दिवशी त्याच कठड्यापाशी, त्याच छत्रीने काका नव्या श्रोत्यांना सांगत होते, “लोक हिला शिंगाडा म्हणतात. हसू येतं! अहो, ही जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची. शिंगाडा ओळखायचा तर पान उलटं करून बघायला लागतं.” ताई चार पावलांवर चालत होत्या. काकांनी त्यांना ‘तुम्हीही ऐका’ अशी खूण केली.

काकांचं ज्ञान असं दुसऱ्यांच्या दुरुस्त्यांवर पोसलेलं आहे. वनस्पतीशास्त्र शिकणाऱ्या एका पोराने सांगितलं की शिंगाड्याचं शास्त्रीय नाव ट्रापा, आणि तो मेंदीच्या कुळात मोडतो. डाळिंब आणि आपला तामणही त्याच कुळातले. काका त्याच्यावर खेकसले, “तामण झाड आहे, शिंगाडा वेल आहे, कसली भावकी लावतोस?” आठवड्यातच सोसायटीच्या सभेत पाणीपट्टीचा विषय बाजूला सारून त्यांनी महाराष्ट्राच्या राज्यफुलाचं शिंगाड्याशी नातं उलगडून दाखवलं. पोरगा शेवटच्या रांगेत बसून होता. टाळी त्यानेही वाजवली.

अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलं की तिकडे शिंगाडा म्हणजे उपद्रव. 1884 साली न्यूयॉर्क राज्यातल्या कॉलिन्स तळ्यात तो मुद्दाम लावला आणि मग आवरेना. तिकडचा चार काट्यांचा, पोहणाऱ्यांच्या पायात घुसतो. आपला दोन शिंगांचा. काकांनी भाच्याला झापलं, “उपासाच्या पदार्थाला उपद्रव म्हणतोस!” आणि फोन ठेवून लगेच काकूंना ऐकवलं, “अमेरिकेत माजलाय म्हणे. आपल्याकडचा सज्जन, दोन शिंगांवर भागवतो.”

काकू शिंगाड्याच्या पिठाचा शिरा हलवत होत्या. त्या दिवशी एकादशी. “इतक्या एकादश्या हा तुमच्या पोटात जातोय,” त्या म्हणाल्या, “तेव्हा नाही ओळख पटली ती?”

मला विचाराल तर काकांपेक्षा काकूंचंच व्यक्तिचित्र लिहायला हवं. पण त्या तलावावर येत नाहीत.

नवरात्र उलटलं की रेंज नाक्याच्या बाजूला उकडलेल्या शिंगाड्यांच्या हातगाड्या लागतात. काळेकुट्ट, दोन बाजूंना शिंगं उगारलेले. काका दरवर्षी गाडीवाल्यापाशी थांबतात आणि त्याचा धंदा त्यालाच समजावून सांगतात. हा वेल एका वर्षाचा, पावसाळ्याच्या तोंडाला लावायचा, मुळं चिखलात, पानं वर, आश्विन-कार्तिकात तोडणी. गाडीवाला उत्तर प्रदेशातला, गावी तळ्यात कमरेभर पाण्यात उभं राहून तोडणी करून आलेला. तो शांतपणे विचारतो, “बाबूजी, कितना दूँ?” काका घेत नाहीत. त्यांना ओळख पटवायची असते, खरेदी नव्हे.

या दिवाळीत ताई माहेराहून पिशवीभर कच्चे शिंगाडे घेऊन आल्या. हिरवे, काही तांबूस, टोकदार. सोसायटीच्या बाकावर त्यांनी पिशवी उघडली. काकांनी चष्मा पुसला, एक शिंगाडा उचलला आणि फिरवून फिरवून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच नमुना सही हातात आली होती. मग भाषण सुरू झालं: कातरलेलं पान, चार पाकळ्या, वाकणारा देठ, तामणाची भावकी, कॉलिन्स तळं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“खा ना काका.”

काकांनी शिंगाडा शिंगाकडूनच दातात धरला. शिंग ओठाला टोचलं. नखाने साल सुटेना. त्यांनी तो दुसऱ्या बाजूने धरला, तिकडेही शिंग होतंच. ताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, सुरीने दोन्ही टोकं उडवली, मधे चीर दिली, साल दोन बाजूंना उघडली आणि पांढराशुभ्र गर त्यांच्या तळहातावर ठेवला.

काकांनी बारकाईने पाहिलं.

“बरोबर,” ते म्हणाले. “असंच सोलतात.”